मेणानं बुजवलेली चीर

कोल्हापुरात ऑइल इंजिनांचे कारखाने वाढत होते, त्या काळात मी अशाच एका कारखान्यात तपासनीस होतो. तयार इंजिन दोन तास चालवून बघायचं, सगळं ठीक असेल तर त्याला बांधलेल्या कार्डावर सही करायची, एवढंच माझं काम.

एका गुढीपाडव्याला मालकांनी दाराशी मोठा फळा लावला. ज्या टोळीची इंजिनं महिन्यात सगळ्यांत जास्त बाहेर पडतील, तिचं नाव त्यावर वर लिहायचं आणि वर्षाअखेर त्या टोळीला मानाचे फेटे बांधायचे. कामगारांना हुरूप यावा, हा हेतू. मालक मनानं वाईट नव्हते. स्वतः भात्यापुढं बसून वर आलेले होते. पण त्या फळ्यानं कारखान्याची चाल बिघडली. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबा खाता खाता फळ्याकडं बघायची. एकमेकांची हत्यारं लपवायची.

आमच्यात एक वयस्कर मिस्त्री होते. उचगावहून सायकलीनं यायचे. हातोड्याचा दांडा चालत्या इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं, ही त्यांची रीत. मनासारखा आवाज आल्याशिवाय ते इंजिन सोडत नसत. साहजिकच त्यांची टोळी फळ्यावर कायम तळाला. त्यांच्याच हाताखालचे लोक कुरकुरायला लागले, तरी त्यांनी घाई केली नाही.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या एका टोळीच्या इंजिनाचं मोठं चाक तपासताना रंगाखाली बोटाला काहीतरी मऊ लागलं. नखानं खरवडलं तर मेण निघालं. आऱ्याच्या मुळाशी चीर होती. मेणात लोखंडाचा कीस कालवून ती बुजवली होती. मी चाकावर खडूनं फुली मारली. फोरमननं ती हातानं पुसून टाकली आणि म्हणाला, लोखंड आहे, काच नव्हे.

मी मालकांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तू तपासायला हाईस, अडवायला न्हाईस. महिनाभर राबल्यात पोरं. त्यांचा इचार कर की."

मी परत आलो आणि कार्डावर सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता.

जानेवारीत चंदगडकडचा एक शेतकरी एसटीनं आला. पाठीवर पोतं होतं, त्यात चाकाचा तुकडा. दोघा भावांनी मिळून भाताची गिरणी काढली होती. चाक चालू असताना फुटलं आणि धाकट्या भावाचा पाय मांडीत मोडला. फोरमन म्हणाला, इंजिन जास्त पळवलं असणार. शेतकऱ्यानं काही वाद घातला नाही. खिशातून कार्ड काढलं आणि विचारलं, "ही सही कुणाची?"

तेवढ्यात मिस्त्री पुढं झाले. त्यांनी तुकडा उजेडाकडं धरला. फुटलेली बाजू अर्धी चकचकीत होती, अर्धी जुनी, काळी. "पावणं, हे आधीपास्नं चिरलेलं हाय," ते म्हणाले. "चूक आमची हाय."

मग मी म्हणालो, "सही माझी आहे."

शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुमी बघितलं न्हवतं व्हय?" एवढंच त्यानं विचारलं. बघितलं होतं, हे मला सांगता आलं नाही.

मालकांनी नवं चाक दिलं, दवाखान्याचंही बघतो म्हणाले. मिस्त्रींना मात्र, बाहेरच्या माणसापुढं कारखान्याची अब्रू घालवली म्हणून, फिटिंगवरून काढून गोदामात बसवलं. आठवड्याभरात ते नोकरी सोडून गेले. मला काढतील असं वाटत होतं, काढलं असतं तर मनावरचं ओझं तरी उतरलं असतं. पण मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी कामाचा माणूस आहे म्हणाले. त्या हाताची चीड मला आजही येते.

त्यानंतर मी एकही चिरलेलं चाक सोडलं नाही. सहा महिन्यांत बरीच परत पाठवली. मग मालकांनी कामाचा बोजा वाढला असं सांगून आणखी एक तपासनीस नेमला. मी नाकारलेल्या इंजिनांची कार्डं त्याच्या टेबलावर जायची आणि सही होऊन परत यायची. त्याचं टेबल माझ्यापासून आठ पावलांवर होतं.