घराच्या अलीकडं थांबलेलं पाणी

मला एका जागी बसवत नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि नशीब असं, की पोटापाण्याला काम मिळालं ते दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडं बघायचं. साताऱ्यातल्या एका लहानशा कचेरीत आम्ही काही जणी आकाशातून घेतलेल्या फोटोंवर रेघा ओढायचो. रस्ता दिसला की रस्त्याची रेघ, छप्पर दिसलं की चौकोन, विहीर दिसली की गोल. फोनमधल्या नकाशात वरून घरं-शेतं दिसतात ना, तसेच ते फोटो.

लोकांना वाटतं तो एकच मोठा फोटो असतो. तसं नसतं. ती गोधडी असते. एक तुकडा उन्हाळ्यातला, शेजारचा पावसाळ्यातला, मधे शिवण. शिवणीवर काय वाटेल ते दिसतं. ट्रकला केबिन असते, मागचा हौदा नसतो. चांगला चाललेला रस्ता हातभर बाजूला सरकून पुढं जातो. धावत्या एसटीच्या मागं तिचीच लाल, हिरवी, निळी भुतं पळताना दिसतात. एकदा तर कृष्णेवरचा अख्खा पूल मधोमध वितळून पाण्यात ओघळलेला होता. एका शेतातल्या झाडांच्या सावल्या पूर्वेला आणि बांधापलीकडच्या पश्चिमेला, असं तर रोजच. माझ्या शेजारी बसणारी म्हणायची, "देवाला त्या दिवशी घाई होती गं." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण मला त्या अर्ध्या ट्रकची चुटपुट लागून राहायची. उरलेला अर्धा गेला कुठं, हे बघायला मी नकाशा इकडंतिकडं सरकवत बसायचे आणि काम मागं पडायचं.

माझं लग्न ठरायच्या वेळची गोष्ट आहे ही. आमचं गाव माणदेशात, पावसाच्या सावलीत. आजोबा मेंढरं घेऊन फिरले, वडील फौजेत गेले. तोफखान्यात होते. नकाशा वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे, आणि हे 'म्हणे' त्यांच्याच तोंडून आलेलं. रिटायर होऊन आल्यावर त्यांनी फोन घेतला तो बोलण्यासाठी कमी आणि नकाशा बघण्यासाठी जास्त. ओसरीवर चष्मा लावून बसायचे आणि ज्या ज्या डोंगरावर ड्यूटी केली तो तो शोधायचे.

आमच्या भागात स्थळ बघताना मुलाचा पगार नंतर विचारतात. आधी पाणी. गावाला नदी आहे का, नळ रोज येतो का, विहीर उन्हाळ्यात आटते का. लेक पाण्याच्या गावात पडली की आईबाप सुटले. माझ्या आईचं अर्धं आयुष्य टँकरच्या मागं आणि उरलेलं हंड्याखाली गेलं, त्यामुळं तिची तर ही एकच अट. मामानं सांगलीजवळचं स्थळ आणलं तेव्हा त्यानं सुरुवातच अशी केली, "नदी मळ्याला लागून हाय." आईनं मुलाचा फोटोसुद्धा नंतर बघितला.

मुलगा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. बघायला आले तेव्हा दोघांना बोलू द्या म्हणून आम्हाला माडीवर पाठवलं. मी सवयीनं खिडकीशी गेले, दाराशी आले, पुन्हा खिडकीशी गेले. तो म्हणाला, "तुमी बसला न्हाई तरी चालंल. मी पन मोठ्यानं बोलतो, तुमी सांभाळून घ्या. दिवसभर मशिनीच्या आवाजात असतो, घरी आई वरडती." मला तो आवडला. इतकं साधं होतं ते. खाली आले तेव्हा मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते.

खाली वडिलांनी फोन काढला होता. पाण्याच्या गावाचं त्यांना कौतुक, पण मोठ्या पुराच्या बातम्या त्यांनीही टीव्हीवर बघितल्या होत्या. मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या घराला पानी लागत न्हाई. फोनातच बघा की, कुटं थांबलंय ते."

खरंच तसं दिसत होतं. नदीतून निघालेलं तांबडं पाणी उसावर पसरलेलं, शाळेच्या छपराभोवती, गल्लीतल्या घरांत, आणि मुलाच्या घराच्या थोडं अलीकडं ते थांबलेलं. पट्टीनं आखल्यासारखं सरळ. पलीकडं सगळं कोरडं. वडील खूष झाले. "ही बगा पूररेषा," ते मामाला म्हणाले. "रेघंच्या आत घर न्हाई." पुढचे चार दिवस येईल त्याला ते ती रेघ दाखवत होते.

मी एका नजरेत ओळखलं. ती शिवण होती. पाणी असं सरळ रेघेत थांबत नाही. आणि पलीकडं, त्या घराच्या अंगणात पिवळंजर्द काहीतरी पसरलेलं होतं. आमच्याकडं हळद पिकत नाही, त्यामुळं वडिलांना ते ओळखू आलं नाही, त्यांना वाटलं मांडवाची ताडपत्री असेल. पण मी सांगलीचे तुकडे कितीदा बघितले होते. ती शिजवून वाळत घातलेली हळद होती. दाराशी पूर आलेला असताना कोण अंगणात हळद वाळवतं?

मग मला काही सुचेना. कचेरीत माझ्या रेघा वाकड्या जायला लागल्या. मी दहादा तो फोटो उघडायचे, मोठा करायचे, बारीक करायचे. शिवणीच्या अलीकडं शेजाऱ्याचं अर्धं घर पाण्यात होतं आणि उरलेलं अर्धं खडखडीत उन्हात. बोलावं तर ठरलेलं मोडेल, आणि मला ते मोडायला नको होतं. न बोलावं तर मी माझ्याच डोळ्यांवर हात ठेवून लग्नाला उभी राहणार होते. मला राग येत होता, त्यांच्या खोट्याचा, वडिलांच्या भाबडेपणाचा आणि मला तो मुलगा आवडला याचासुद्धा.

शेवटी मी त्यालाच फोन लावला. कसं विचारावं ते कळेना, म्हणून म्हटलं, "तुमच्याकडं हळद कधी वाळवतात?"

"उन्हाळ्याच्या तोंडाला. का वो?"

"आणि पूर कधी येतो?"

मागं मशिनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तुमी हितं येता का? फोनवर न्हाई सांगायचं मला."

सुट्टीच्या दिवशी मी सांगलीची एसटी धरली. घरी मैत्रिणीकडं जाते म्हणाले. तो स्टँडवर गाडी घेऊन आला होता, हाताला मशिनच्या तेलाचा वास. गावात शिरलो तेव्हा मी नकाशातली ती रेघ शोधत होते. नव्हतीच. गल्ली सरळ पुढं जात होती आणि सगळ्या घरांना एकाच उंचीपर्यंत नवा रंग होता, त्यांच्याही.

त्याचे वडील मळ्यात गेले होते. आई चुलीपुढून उठली, मला बघून घाबरली आणि मग त्याच्या तोंडाकडं बघून समजली. तिनं भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आतून रंग द्यायचं राहिलं होतं. माझ्या डोक्याच्या वर हातभर चिखलाचा पट्टा होता.

"हितवर आलं हुतं बाई," ती म्हणाली. "धान्य गेलं, म्हस गेली. आमी माळावरच्या शाळंत ऱ्हायलो."

"मी आमच्या आबास्नी म्हनलं होतं सांगूया म्हनून," तो म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज मोठा नव्हता. "ते म्हनले, ह्या गल्लीतल्या पोरांची लग्नं हुईनात पुरापायी. ठरूदे, मग सांगू. तुमी इचारलं, मला खोटं बोलवंना. न्हाई म्हनला तरी चालंल."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, तरी कराड यायच्या आत मी दोनदा उठून दाराशी गेले. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की जरा."

घरी मी सगळं सांगितलं, मैत्रिणीच्या खोट्यासकट. वडिलांनी आधी फोन उघडला. रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "मग ही कुनी मारली?"

"कुनी न्हाई, बाबा. दोन येगळ्या टायमाचे फोटो जोडल्यात. तितं ती दिसती एवढंच."

"नकाशात कुनी न मारलेली रेघ असतीय व्हय?" ते म्हणाले. त्यांनी आयुष्यभर वाचलेल्या नकाशांत प्रत्येक रेघेमागं एक माणूस होता, डोंगर चढून गेलेला. ते खूप वेळ चष्मा पुसत राहिले. मग भडकले. "खोटं बोलनाऱ्या घरात पोरगी देत न्हाई मी."

"खोटं त्येंचे वडील बोलले. मी इचारलं तवा तो खरं बोलला. मला तितंच जायचंय."

वडिलांनी आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती. तिनं मला एवढंच विचारलं, "नळाला पानी रोज येतं?"

"रोज."

"मग द्या," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

लग्न झालं. सासऱ्यांनी माझ्याशी वर्षभर नजर मिळवली नाही, मग हळूहळू मिळवली. काम मी सांगलीत धरलं, तेही पडद्यापुढचंच. पावसाळा आला की मात्र मला घरात थांबवत नाही. मी सारखी नदीच्या घाटावर जाऊन येते. सासूबाई म्हणतात, "तू बघून पानी कमी हुनार हाय का?" तरी मी जाते.

गेल्या श्रावणात धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप आला. आम्ही धान्याची पोती माडीवर चढवली, जनावरं माळावर नेली. दुपारी गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं. ते धावत आलं नाही. गटारीतून, मोरीतून, शेजारच्या परसातून, जिथून वाट मिळेल तिथून गुपचूप वर येत राहिलं. मला वाटलं होतं मी घाबरणार नाही, कारण मी सगळं आधीच बघून आले होते. मी घाबरले. हातात पितळी डबा घेऊन नुसती वरखाली करत राहिले आणि डबा कुठं ठेवायचा तेच आठवेना.

तेवढ्यात आईचा फोन आला. टीव्हीवर सांगली दाखवत होते.

"कुटवर आलंय गं?" तिनं विचारलं.

"पायरीला लागलंय. आमी निघतोय आता. तुमच्याकडं पाऊस हाय का?"

"कुटला पाऊस? टँकरची वाट बघत बसलीया. काल बी न्हाई आला."

खालून सासूबाई हाक मारत होत्या. मग आई एकदम रडायला लागली. टँकरवरच्या भांडणात तिचं डोकं फुटलं तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

"मीच द्या म्हनलं," ती म्हणाली. "माज्या हातानं पान्यात दिली गं तुला."

"तू दिली न्हाईस, आई," मी म्हणाले. "मी कपाटातला चिखल बघितला आनि मगच आले."