सांध्यात हरवलेले अकरा अंश

घरात त्याला छोटू म्हणतात. वय बावन्न. नोकरी थर्मामीटर तपासण्याची. बेकऱ्या, दवाखाने, शीतगृहं अशा ठिकाणांहून तापमान मोजणारी यंत्रं त्याच्या टेबलावर येतात. तो त्यांना आधी बर्फात बुडवतो, मग उकळत्या पाण्यात, आणि ती खरं बोलतात की खोटं ते बघतो. खरं बोलणाऱ्यांना हिरवं स्टिकर मिळतं, त्यावर छोटूची सही असते. खोटं बोलणाऱ्यांना लाल. सत्तावीस वर्षं तो हेच करत आला आहे आणि या काळात कुठल्याही थर्मामीटरने त्याला उलट उत्तर दिलेलं नाही. माणसांबद्दल त्याला असं म्हणता येत नाही.

त्यातही ताई. ती तीन वर्षांनी मोठी, शाळेत पहिली, पुढे फार्मासिस्ट, स्वतःचं औषधांचं दुकान. डॉक्टर कुठला गाठायचा, फ्लॅट कुठल्या मजल्यावर घ्यायचा, भिंतीला रंग कुठला द्यायचा, सगळं नातेवाईक ताईला विचारतात. छोटूला विचारतात, "ताई घरी आहे का रे?"

कॉफी ही एकच गोष्ट अशी होती की जिथे ताई छोटूला विचारायची.

आठ वर्षांपूर्वी त्याने कच्चे दाणे घरी भाजायला सुरुवात केली. आधी कढईत, मग एका छोट्या फिरत्या पिंपाच्या रोस्टरमध्ये. मग ग्राइंडर आला, मग दोन माणसांनी उचलावं लागणारं एस्प्रेसो मशीन आलं, आणि बायकोचा मिक्सर ओट्यावरून फ्रिजच्या डोक्यावर गेला. त्याची कॉफी खरंच चांगली व्हायची. दाट, गोडसर, मागे चॉकलेटसारखं काहीतरी रेंगाळायचं. ती पिऊन चौतीस लोकांनी आपापल्या घरी रोस्टर घेतले आणि 'कडू मंडळ' नावाचा ग्रुप काढला. छोटूने त्यांच्यासाठी एक तक्ता केला. दाणे कधी टाकायचे, आच कधी कमी करायची, तडतड कधी सुरू होते, आणि शेवटी ठळक अक्षरांत: दोनशे आठला बाहेर.

मंडळातल्या बहुतेकांनी तो तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि दाणे मात्र नाकाच्या सल्ल्याने भाजले. तक्ता शब्दशः पाळला तो मंडळाबाहेरच्या एकट्या ताईने. फार्मासिस्ट बाई, लिहिलंय तेवढंच द्यायचं, अर्धी गोळीसुद्धा इकडची तिकडे नाही. रोस्टर छोटूसारखाच घेतला. थर्मामीटर छोटूनेच जेवणाच्या सुट्टीत तपासून दिला, वर हिरवं स्टिकर लावून.

आणि तीन वर्षं तिची कॉफी आंबट होत होती.

"तुझ्या तक्त्यात तडतड एकशे सत्याऐंशीला आहे," ती एकदा म्हणाली होती. "माझ्याकडे एकशे अठ्ठ्याण्णवला होते. दर वेळी."

"तुझ्या दाण्यांत ओल असेल."

"दाणे तूच दिलेत."

"मग तुझ्या स्वयंपाकघरात ओल असेल. ताई, हे सगळं आकड्यांत नसतं गं. हाताला वळण लागावं लागतं."

हे वाक्य बोलताना त्याला जे सुख झालं ते त्याने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ताई मुकाट्याने घरी गेली आणि तिने दोनशे आठला पुढचा घाणा काढला. तिचा नवरा, म्हणजे छोटूचे भाऊजी, तीन वर्षं ती कॉफी प्यायले. त्यांना पित्ताचा त्रास सुरू झाला. औषध घरचंच होतं, त्यामुळे तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यात ताईने जाहीर केलं की ती रोस्टर आणि एस्प्रेसो मशीन दोन्ही विकतेय. गिऱ्हाईकही ठरलं, दोन गल्ल्या पलीकडचे दाताचे डॉक्टर. शनिवारी पाचला घेऊन जाणार होते.

त्याच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी छोटूची बायको काचेच्या बरण्या उकळत होती. पाणी पुरेसं तापलं का ते बघायला तिने रोस्टरच्या थर्मामीटरची सळई काढली आणि पातेल्यात सोडली.

"अहो, हे पाणी एकोणनव्वदला उकळतंय."

"उकळत नसेल."

"बुडबुडे येतायत, वाफ येतेय, झाकण नाचतंय. अजून काय करायला हवं त्याने?"

छोटू उठला. पाणी उकळत होतं. सळईला वायरने जोडलेला भिंतीवरचा मीटर एकोणनव्वद दाखवत होता. छोटूने मीटरवर टिचकी मारली. ऑफिसात कुणी असं केलं तर तो ओरडतो.

मग त्याने सळईची वायर हातात धरून मागे मागे जायला सुरुवात केली. ओट्याच्या कडेने, गॅसच्या मागून, आणि तिथे, गॅस आणि रोस्टर यांच्या मधल्या फटीत, त्याला काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा सापडला. गोळ्याच्या अलीकडे थर्मामीटरची खरी वायर होती. पलीकडे दारावरच्या घंटीची साधी तांब्याची तार.

त्याला सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी मीटर खिडकीशेजारच्या भिंतीवर हलवला तेव्हा वायर हातभर कमी पडली. रविवार होता, दुकानं बंद. आत्ता ही जोडू, उद्या बदलू, असं तो स्वतःशीच म्हणाला होता.

अशा मीटरला साधी तार जोडली की सांधा जेवढा जास्त तापेल तेवढे अंश मीटर गिळून टाकतो. हे छोटूला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या ऑफिसातल्या भिंतीवर तसा फलक आहे. 'मीटरच्या वायरला साधी तार जोडू नये.' मजकूर छोटूचा, लॅमिनेशनही त्याचंच. या एका चुकीपायी त्याने आजवर एका बेकरीला आणि दोन दवाखान्यांना लाल स्टिकर दिलं होतं, आणि दवाखानेवाल्यांना वर भाषणही.

त्याने हिशोब केला. अकरा अंश. तो दोनशे आठ समजून काढत होता ते दाणे खरे दोनशे एकोणिसाला निघत होते. ताईचा थर्मामीटर मात्र खरा होता, त्यामुळे तिचे दाणे खऱ्या दोनशे आठलाच निघायचे, अर्धेकच्चे. हात, वळण, ओल यांपैकी कशाचाही संबंध नव्हता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"वायर बदलायला हवी."

शुक्रवारी त्याने वायर बदलली. पाणी शंभरला उकळलं. मग सवयीने दाण्यांचा एक घाणा टाकला, सवयीनेच दोनशे आठला काढला, आणि डब्याचं झाकण लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तसाच ठेवून दिला.

गप्प बसलं तरी चालणार होतं. वायर दुरुस्त झाली होती. उद्या संध्याकाळी मशीन जाणार, ताई चहावर येणार, तक्ता पाळणारं माणूसच उरणार नाही. त्याने काहीही करायचं नव्हतं, आणि काहीही न करणं त्याला उत्तम जमतं असं घरात सगळ्यांचं मत आहे.

शनिवारी दुपारी भाऊजींचा फोन आला. "चारपर्यंत ये रे. मशीन उतरवायला दोन माणसं लागतील. माझी पाठ म्हणजे तुला माहितीच आहे."

तो गेला. ताईने मशीन असं पुसून ठेवलं होतं की त्यात स्वतःचा चेहरा बघणं टाळता येत नव्हतं. शेजारी रोस्टर, ग्राइंडर, सुट्या भागांच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर औषधाच्या पुडीसारखी चिठ्ठी. ती टेबलाशी बसून डॉक्टरांसाठी एक कागद लिहीत होती. छोटूने खांद्यावरून वाचला. 'रोस्टर उत्तम स्थितीत आहे. कॉफी आंबट होत असल्यास यंत्राचा दोष नाही. आधीच्या वापरणारीचा हात चांगला नव्हता.'

"हे कशाला लिहितेस?"

"विकत घेणाऱ्याला सांगायला नको? आणि हे तूच म्हणालायस."

छोटूने खिशातून काळ्या चिकटपट्टीचा गोळा काढला. आपण तो का आणला हे त्याला घरून निघताना माहीत नव्हतं. त्याने तो कागदावर ठेवला.

"हे काय?"

"माझ्या मीटरचा सांधा. साधी तार जोडली होती मी. सहा वर्षांपूर्वी."

ताईने गोळा पेनाने उलटा केला. ताईला एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

"किती?"

"अकरा अंश."

"म्हणजे माझी तडतड एकशे अठ्ठ्याण्णवला होत होती ती..."

"बरोबर होती."

"आणि ओल?"

"ओल नव्हती."

"आणि हात?"

छोटूने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी टेप शोधत होते, निदान तसं दाखवत होते.

"हाताला काही झालेलं नाही तुझ्या, ताई. चूक माझी आहे. तक्त्यात."

ताईने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "तीन वर्षं. हे माझ्यामुळे पित्ताच्या गोळ्या खातायत."

"मला सवय झालीय," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आणि तू, दाणे काढ."

दाणे पिशवीत होतेच. रोस्टर पुन्हा लागला. ताईने दोनशे ग्रॅम मोजले, दोन दाणे परत काढले. बरोबर दोनशे एकोणिसाला घाणा बाहेर आला तेव्हा दारात डॉक्टर उभे होते.

"वा! काय वास सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "उचलायचं का?"

"नाही," ताई म्हणाली. "प्यायल्याशिवाय काही ठरत नाही."

"मग पिऊ या."

"ताजी भाजलेली एस्प्रेसोला चालत नाही," छोटू म्हणाला. "पाच दिवस ठेवावी लागते."

डॉक्टरांनी बाहेर उभ्या केलेल्या टेम्पोकडे पाहिलं. "पाच दिवस?"

"गुरुवारी या," ताई म्हणाली. "चांगली झाली तर देणार नाही. आंबट झाली तर घेऊन जा. आणि चव हा सांगेल. खोटं बोलला तर बघते त्याच्याकडे."

डॉक्टर रिकामा टेम्पो घेऊन गेले.

त्या पाच दिवसांतल्या शेवटच्या दोन दिवसांत छोटूने शुक्रवारचा तो दोनशे आठचा डबा उघडला. पहिल्या घोटाला त्याचे डोळे बारीक झाले. बायकोने चव घेतली आणि म्हणाली, "ताईंकडची आणलीत का?" त्याने नकारार्थी मान हलवली. डबा फेकून देता आला असता, पण तो रोज सकाळी एक कप प्यायला. बुधवारी ऑफिसात जाताना त्याने वाटेत ॲसिडिटीची गोळी घेतली, दुसऱ्या दुकानातून.

गुरुवारी सगळे जमले. ताईने दाणे दळले, पूड सपाट केली, दाबली, दांडा बसवला. सत्तावीस सेकंद. कपात मधासारखी धार पडली. तिने पहिला कप छोटूपुढे ठेवला. डॉक्टर, भाऊजी आणि ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

तो प्यायला. दाट होती. गोडसर होती. चॉकलेट होतंच, पण त्याच्या मागून एक सुकलेल्या संत्र्याच्या सालीसारखी चव आली, जी त्याच्या कॉफीत गेल्या सहा वर्षांत कधी आली नव्हती. कारण त्याचा सांधा रोज वेगळा तापायचा. कधी नऊ अंश गिळायचा, कधी तेरा. ताईने मात्र दोनशे एकोणीस म्हणजे दोनशे एकोणीसलाच काढली होती.

'चांगली आहे' एवढं म्हणून तो सुटू शकला असता. ते खोटंही ठरलं नसतं.

"माझ्यापेक्षा चांगली आहे," छोटू म्हणाला.

"सहज म्हणतोयस की तपासून?"

"तपासून."

भाऊजींनी स्वतःचा कप घेतला, संपवला आणि पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरा कप मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"म्हणजे मला मशीन मिळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही मिळत," ताई म्हणाली. "बसा, तुमचाही करते."

मग तिने छोटूचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. "मंडळाला कळव."

छोटूने लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव तक्त्यात किरकोळ सुधारणा करण्यात येत आहे.'

ताईने वाचलं. "खोड."

त्याने खोडलं. लिहिलं, 'तक्ता चुकला आहे. चूक माझी. दोनशे आठऐवजी दोनशे एकोणीस. खात्री ताईने केली आहे.'

"हां," ती म्हणाली आणि डॉक्टरांसाठी दाणे मोजायला वळली.

फोन लगेच वाजू लागला. मंडळातल्या पहिल्या माणसाने विचारलं होतं, 'ताई कोण? त्यांचा नंबर मिळेल का?'

छोटूने नंबर पाठवला.