न्हाणीमागची गांडुळं

मागूर मासा गळाला कशानं लागतो हे शालिकरामला विचारा, असं खापरखेड्याच्या कॉलनीत कोणीही सांगितलं असतं. वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ड्यूटी, गावची शेती भावाच्या हवाली, आणि सुट्टी मिळाली की खांद्यावर काठी टाकून कोलार नदीच्या डोहावर. वीस वर्षं त्यानं दुसरा शौक केला नाही. कणकेचा हिंग लावलेला गोळा लावून पाहिला, तर तो पाण्यात विरघळून बारक्या मासोळ्यांची दिवाळी झाली. कोंबडीचं आतडं लावलं, तर खेकडेच लोंबकळत वर आले. कपड्याच्या साबणाची चकतीसुद्धा लावून झाली, आणि त्यापायी सुभद्राच्या, म्हणजे बायकोच्या, शिव्याही खाऊन झाल्या.

शेवटी त्याचा निकाल पक्का झाला. मागूर डोळ्यानं येत नाही, वासानं येतो, आणि त्याला पाहिजे जिवंत, जाड, लालसर गांडूळ. शेतातलं सुतासारखं नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेलं. ते गळावर तुटत नाही, पाण्यात घटकाभर वळवळत राहतं. हे सांगताना त्याची मान अशी काही ताठ व्हायची, जणू दिल्लीहून पदक घेऊन आला आहे! पण मासा त्यालाच मिळायचा हो. तिथं कोणाचं काही चालायचं नाही.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात त्याची एकुलती एक लेक प्रेमिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता. बाळंतपण क्वार्टरमध्येच झालं, कौसल्या सुईणीच्या हातानं. कॉलनीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली. मुलगी झाली, चांगली झाली. पण प्रेमिलाचं रक्त फार गेलं. चेहरा पांढराफटक. तीन दिवस झाले तरी दूध येईना. पोर रडून रडून निळी व्हायची, आणि सुभद्रा तिच्या तोंडात साखरपाण्याचा बोळा धरायची.

चौथ्या दिवशी मालीश करून कौसल्या बाहेर आली आणि ओसरीवर बसलेल्या शालिकरामला म्हणाली, "शालिकभाऊ, बसून काय राहिले गा? मागूर आना. रस्सा पाजा पोरीले. रगत भरते, दूध बी उतरते."

आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर जो शौक म्हणून केला, तोच लेकीच्या जिवाला लागला, तर माणूस कसा उठेल? शालिकराम तसा उठला. पण चैत्रातलं ऊन, माती विटेसारखी कडक. नळाजवळ खणलं, वालाच्या वेलाखाली खणलं, एक गांडूळ नाही. ओल राहिली होती ती फक्त न्हाणीच्या मागं. बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी दिवसातून दोनदा तिकडंच जात होतं. तिथं एक चपटा दगड नवा ठेवलेला दिसला. दगडाखाली गांडुळं हमखास सापडतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? त्यानं दगड सरकवला आणि सब्बल, म्हणजे पहार, चालवली. गांडुळं तर अशी निघाली की आधी कधी पाहिली नव्हती, करंगळीएवढी जाड. डबा भरत आला. आणखी एक घाव घातला तर खाली मडकं फुटल्याचा आवाज आला आणि मातीतून फडक्याचा कोपरा वर आला.

शालिकराम जागच्या जागी बसला. बाळामागून पडलेली वार अशीच मडक्यात घालून, फडकं बांधून पुरतात. कुठं पुरली हे बायकांनाच ठाऊक असतं; पुरुषानं विचारायचं नाही, तिकडं फिरकायचंही नाही. आणि ती उकरली गेली तर बाळाला भोवते, हे त्यानं आजीपासून बायकोपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं. म्हणूनच सुभद्रानं त्यालाही जागा सांगितली नव्हती. त्यानं घाईघाईत अर्धीमुर्धी माती लोटली, दगड पुन्हा ठेवला. डबा मात्र हातातच होता. फेकून द्यावा असं एकदा मनात आलं. मग घरातून पोरीचं रडणं ऐकू आलं आणि तो डबा घेऊन नदीकडे निघाला.

दोन मागूर मिळाले, चांगले हातभर. प्रेमिला रस्सा प्यायली, घाम पुसत म्हणाली, "बाबा, तुमच्या हातचा मासा म्हणजे मासाच." दुसऱ्या दिवशीही त्यानं मासा आणला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाला पान्हा फुटला, सुभद्रानं देवापुढं साखर ठेवली. आणि त्याच दिवशी दुपारी बाळाचं अंग तापलं.

सुभद्रा धावली ती थेट न्हाणीमागं. दगड तिरपा, माती भुसभुशीत, फडक्याचा कोपरा बाहेर. तिनं अशी किंकाळी फोडली की क्वार्टरांची अख्खी लाइन गोळा झाली. "कुत्र्यानं उकरली वं माय! वरवर पुरली त्या रांडेनं, हातभर खोल नाही खणली!" कौसल्याला बोलावणं गेलं. तिला हाताला धरून खड्ड्यापाशी नेलं, सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललं गेलं. बारशाला द्यायचं लुगडं देणार नाही, आमच्या दारात पाय ठेवायचा नाही. कौसल्या त्या मातीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं मान वर केली, शालिकरामकडे एकदा पाहिलं, आणि घराकडे निघून गेली.

शालिकराम तिथंच होता. खांद्यावरचा दुपट्टा तोंडाशी धरून उभा. बोलायचं होतं हो त्याला! पण बाळ तापानं फणफणलेलं, प्रेमिला रडत असलेली, आणि आपल्याच हातानं हे झालं असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध दिलं. दोन दिवस शालिकराम ना जेवला ना झोपला, मासा तेवढा आणत राहिला. बाळाच्या कपाळाला हात लावायचीही त्याला भीती वाटायची, आपला हात लागून आणखी काही होईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोर पोटभर प्यायली, ढेकर दिला. घर मोकळं झालं. आता कोणी काही विचारणार नव्हतं. गप्प बसला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पाळीवर जाताना कॉलनीतलाच ओमप्रकाश भेटला, त्याची बायको नवव्या महिन्यात. तो सहज बोलून गेला, "हमने तो कौसल्याबाई को मना कर दिया भाई. दूसरी दाई देखी." शालिकराम वीजकेंद्राच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला.

कौसल्या दारात तांदूळ निवडत होती. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाई, ते कुत्र्यानं नाही उकरलं."

"माहीत हाय मले," ती मान वर न करता म्हणाली. "कुत्रं माती मागं फेकते गा. इथं तं एकीकडं ढीग लावला होता. अन् सब्बलीचे घाव मले समजत नाही का? तुमच्या घरी सब्बल घेऊन कोन हिंडते, हे कॉलनीले माहीत हाय."

"मंग तुमी बोलल्या काहून नाही?"

कौसल्यानं सूप खाली ठेवलं. "त्याच सकाळी पोरीले दूध फुटलं होतं, शालिकभाऊ. मी तोंड उघडलं असतं तं तुमच्या हातचा रस्सा तिनं पुन्हा घेतला असता का? माह्यं काय, लोकं बोलतात अन् विसरतात."

विसरत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. ओमप्रकाशच्या घरची बातमी तिला कळली नसेल असं थोडंच आहे? शालिकरामला हात जोडायचे होते, पण तेही त्याला जमलं नाही.

तो घरी आला तेव्हा नळावर बायकांची रांग होती, सुभद्रा त्यातच. तो सरळ तिथं गेला. "ऐका वं सगळ्या. न्हाणीमागं मी खणलं. मागुराच्या चाऱ्यासाठी गांडुळं काढून राहिलो होतो. कौसल्याबाईनं खोलच पुरली होती." सुभद्राच्या हातातली बादली तशीच भरून वाहू लागली. कोणी नळ बंद केला नाही. मग सुभद्रा घरात गेली, पेटीतलं कोरं लुगडं काढलं, आणि नवऱ्याकडे न पाहता कौसल्याच्या घराची वाट धरली.

घरात प्रेमिला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीतून तिला सगळं ऐकू गेलं होतं. पुढ्यात सकाळच्या रश्श्याची वाटी. शालिकराम दाराशी खाली बसला. "पोरी, तुले मासा नको वाटत असन तं नको खाऊ. मी समजीन."

तिनं वाटी उचलली, उरलेला रस्सा एका दमात संपवला आणि वाटी खाली ठेवली.

"माशाचं काही नाही बाबा," ती म्हणाली. "माह्या पोरीसाठीच आनला तुमी. पन आई त्या बाईले एवढ्या शिव्या देऊन राहिली होती, तवा तुमी तिथंच उभे होते ना?"

शालिकरामनं होकारार्थी मान हलवली, रिकामी वाटी उचलली आणि धुवायला न्हाणीकडे नेली.