निळा स्वेटर

दिवाळी संपली की मी कपाटातले स्वेटर धायरीच्या या गॅलरीत उन्हात टाकते. डांबरगोळ्यांचा वास सुटतो आणि तुमच्या बाबाचा, माझ्या लेकाचा, निळा स्वेटर हातात घेऊन मी उगीच घरभर फिरत राहते.

कंपनी त्याला पहिल्यांदाच अमेरिकेला पाठवत होती. बॅगेचं वजन जास्त भरलं, म्हणून मी हा स्वेटर काढला आणि थालीपिठाची भाजणी आत राहू दिली.

“आई, बर्फात भाजणी पांघरू का?”

“स्वेटर कुठेही मिळतो. आणि सहा महिन्यांनी येतोच आहेस.”

तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. तो तिथेच स्थायिक झाला.

यंदा स्वेटर कपाटात परत ठेवत नाही, तुम्हाला पाठवते आहे. ज्याला होईल त्याने घाला. वास सगळा गेला नाही तरी चालेल.