अक्काचा नऊ

माझ्या भावाच्या मरणाचं खापर ज्याने माझ्या डोक्यावर फोडलं, त्याच माणसाने आज सकाळी भावाच्या फोटोला हार घालून पोस्ट टाकलीय.

वर लिहितो, "घरगुती तक्त्यांवर विसंबू नका. हीच नितीनला खरी श्रद्धांजली."

घरगुती म्हणजे माझा. लोणचं आहे का ते, घरगुती म्हणायला?

संजू, तुझ्याशीच बोलतेय. फोन तू उचलत नाहीस. मराठीत लिहितेय, कारण तुझ्या नव्या साहेबांना ती वाचता येत नाही आणि तुला येते.

बाकीच्यांसाठी सांगते. नितीन म्हणजे नित्या, माझा धाकटा भाऊ. अंदमानला लोकांना खोल समुद्रात न्यायचा, बुडालेली जहाजं दाखवायला. संजू इथल्याच दर्पण कॉलनीतला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एकाच डायव्हिंग सेंटरवर नोकरीला.

माझं इकडे हिंदी मुलखात, दाना ओलीच्या बाजारात लॅमिनेशनचं दुकान. शिक्षण चौथी. चुका काढू नका.

खोल पाण्यात अंगात गॅस मुरतो. एकदम वर आलं की आत फसफसतं, गोटीवाल्या सोड्याची बाटली फोडल्यासारखं. माणूस जातो. म्हणून वर येताना थांबत थांबत यायचं. कुठे किती मिनिटं थांबायचं, ते कार्डावर लिहून मनगटाला बांधायचं.

तोच हा तक्ता. आकडे नित्या काढायचा. लिहायची मी.

का, तर एकदा फोनवर हसत सुटला. "अक्का, आज मरता मरता वाचलो! छापील तक्त्यावर इंग्रजी 9 होता, मी आपला मराठी १ वाचला. एक मिनिट थांबलो आणि निघालो वर. संजूने पाय धरून खाली ओढलं."

"शुद्धीत होतास का रे?"

"खाली डोकं चालत नाही गं. भांग चढल्यासारखं होतं. इंग्रजी सगळं उडून जातं. तू शिकवलेलंच राहतं."

आकडे मीच शिकवले होते त्याला. ओट्यावर कोळशाने. नऊ उलटा काढायचा म्हणून कानही पिळला होता.

तेव्हापासून त्याचे तक्ते माझ्या हातचे. आपले मराठी आकडे, काळे, जाड. एकदा हौसेने लाल शाई घेतली तर म्हणाला, "खाली लाल पण काळंच दिसतं, नखरे नको."

लॅमिनेशनला चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिक जास्त सोडायचं. भोक त्या प्लास्टिकला पाडायचं, कागदाला नाही. कागदाला भोक गेलं की पाणी शिरलंच. मग पाणी शिरतं का बघायला बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवायचा.

गिऱ्हाईकं विचारायची, "भाभीजी, आधार कार्ड धो रही हो क्या?"

मग तिकडे दोन सेंटरं एक झाली. मालक नवे, युनिफॉर्म नवे. संजू हेड झाला. माधवगंजच्या मारुतीला नारळ मी फोडला, पेढे मी वाटले.

आणि हुकूम निघाला. सगळ्यांना तक्ता एकच. छापील. इंग्रजी.

मी संजूला फोन लावला. म्हणाला, "अक्का, अब सब स्टँडर्ड होगा. पण नित्याचा तुमचाच राहील. टेन्शन मत लो, मैं हूं न."

दिवाळीत संजू घरी आला. चकल्या खाल्ल्या. मी लिहिलेले नवे तक्ते पिशवीत घालून घेऊन गेला. "मी माझ्या हाताने बांधीन त्याला."

नित्याला जाऊन आज वर्ष झालं.

एका ठिकाणी नऊ मिनिटं थांबायचं होतं. नित्या लगेच वर निघाला. एवढं सगळेच सांगतात.

तेराव्याला तू माझ्यासमोर जमिनीवर बसून रडलास. "अक्का, तुमचा तक्ता त्याच्याकडे नव्हताच. ऑर्डर वरून होती, मी काय करणार?"

मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझा भाऊ गेला होता आणि मी तुला पाणी देत होते.

थोड्या दिवसांनी तुमच्या ऑफिसचा माणूस माधुरीला, नित्याच्या बायकोला, फोनवर म्हणतो, "मॅडम, उन्होंने घर का लिखा टेबल यूज किया था. कंपनी की जिम्मेदारी नहीं बनती. हेड साहब ने खुद बताया है."

हेड साहब कोण रे? तूच ना?

मला सांगितलंस, नव्हता.
त्यांना सांगितलंस, होता.

मी नाही म्हणत की माझा हात चुकूच शकत नाही. दुकानात गर्दी असते, एखादा आकडा वाकडा पडला असेल. वर्षभर हेच डोक्यात आहे. बिलावर आकडा लिहायला हात उचलत नाही. गिऱ्हाईकालाच म्हणते, तुम्हीच लिहा.

माधुरी माझ्या हातचा चहा अर्धा ठेवून उठते.

तू एक खरं वाक्य बोलला असतास तर तिने तो संपवला असता. किंवा माझ्या तोंडावर फेकला असता. तेही चाललं असतं मला.

नित्या, आज तुझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या. याने तेवढंही होऊ दिलं नाही. जा बाळा, जिथे असशील तिथे नीट राहा. जेवत जा.

संजू, वर्षश्राद्ध गुरुजींच्या सवडीने गुरुवारी ठेवलंय. माधुरी येणार आहे. गुरुजी अकराला बसतील.

त्याच्या आधी इथे, याच पोस्टखाली, सगळ्यांदेखत लिही. त्या दिवशी त्याच्या हातावर छापील होता की माझा?

माझा असेल तर तसंच लिही. मी माधुरीपुढे हात जोडून उभी राहीन.

छापील असेल तर गुरुवारी तू उभा राहशील.

अकराच्या आत.