पणजीचा पलूसचा भाऊ

मंडळी, आत्ताच पलूसहून साताऱ्याला घरी आले. चहाही नंतर, आधी हे लिहिते.

माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले. पणजीच्या पेन्शनचे तेव्हाचे, चाळीसच्या दशकातले कागद गेल्या आठवड्यात हाती लागले. पेन्शन घेणारी बाई हीच, अशी साक्ष दरवर्षी एकाच माणसाची. पलूसचा एक शिपाई. नात्याच्या रकान्यात 'भाऊ'.

पण पणजीला भाऊच नव्हता. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची, हे आई अजून सांगते. मला वाटलं, कारकुनाची चूक.

आज विचारत विचारत त्या शिपायाचं घर गाठलं. त्यांचा मुलगा भेटला, आता ऐंशीच्या पुढचा. कागद वाचून दाखवला तसा त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "तुमचं पणजोबा आन् आमचं आबा एकाच पलटणीत. आबा दरसाली साताऱ्याला बहिणीकडं जातो म्हणायचं. आमाला तर आत्याच न्हाई. आई लय भांडायची त्यावरनं."

तरुण विधवेसोबत परका माणूस कचेरीत दिसला तर लोक तिलाच बोलले असते. म्हणून आबा भाऊ झाले आणि त्यांनी घरची बोलणी खाल्ली.

निघताना त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, माझी ओटी भरली. मी म्हटलं, "आवं काकू, कशाला?"

"आगं, माहेरातनं कुणी रिकामं जातं व्हय?"

तुमच्या घरच्या जुन्या कागदांवर साक्षीदार कोण आहे, बघितलंय कधी? आम्ही इतकी वर्षं फक्त पणजोबांचेच उपकार मानत होतो.