दोन्ही बाजूंचा राम राम

लांबचं पाहण्याच्या बाबतीत माझ्या मोठ्या मामांसारखा माणूस तापीच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडे झाला असेल असं मला वाटत नाही. फैजपुरातल्या आपल्या ओट्यावर बसून ते सातपुड्यावरची शेळी कोणत्या झाडाचा पाला चघळते आहे ते सांगत, आणि तिथवर जाऊन खातरजमा करण्याची कुणाची तयारी नसल्यामुळे ते कायम खरं ठरे. केळीच्या बागेत तर त्यांचा शब्द शेवटचा. कोणता घड आज कापायचा आणि कोणता आठ दिवस राहू द्यायचा, हे ते नुसतं बांधावरून सांगत. "घाई केली त माल बाद," हे त्यांचं ब्रीद. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारं म्हणजे एक टोल्यांचं घड्याळ, आणि तेही बंद. त्यामुळे मामांचा सगळा संसार ओट्यावर होता. समोरच एसटी स्टँड. गाडी वळणावर धुरळ्यात असतानाच मामा तिची पाटी वाचून मोकळे होत : "यावल. बसा बसा, तुमची मागून येती." चौकशीच्या खिडकीत जाण्याऐवजी माणसं ओट्यावर येत, बिडी पेटवत, मुलीच्या सासरचं सांगत. कैक जणांची गाडी मामांशी बोलण्याच्या नादात चुकली, आणि मामांना त्याचं फार समाधान होतं.

शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा मामा तपासणीला नव्हे, सत्काराला निघाल्यासारखे धुतलेली टोपी घालून गेले. तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी वाचलीच, पण खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. धुळ्याहून आलेले डॉक्टर मात्र विरघळले नाहीत. त्यांनी डोळ्यावर एक छोटंसं यंत्र टेकवून दाब मोजला आणि म्हणाले, "काचबिंदू वाटतोय. महिन्याभरात धुळ्याला या." मामा घरी आले ते विचार पक्का करूनच. गल्लीतल्या अक्कांचा मोतीबिंदू चांगला दोन वर्षं पिकू दिला होता, मग काढला, आणि अक्का आता तांदळातले खडे वेचत होत्या. "हाही डोळ्यातलाच माल," मामा मला म्हणाले. "कच्चा कायले कापायचा? पिकू दे, मंग पाहू." आयुष्यभर केळीची पारख केलेल्या माणसाशी पिकण्याच्या विषयावर कोण वाद घालणार? मीही घातला नाही. दिसत तर सगळं होतं.

त्यानंतर मात्र गावातल्या वस्तू मामांच्या अंगावर येऊ लागल्या. उजवीकडचा तांब्या लवंडायचा, चौकटीचा खांब खांद्याला धडकायचा. एका शेळीला अडखळून ते सपाट पडले, तेव्हा "गावातल्या शेळ्यायले वळण राह्यलं नाही," एवढंच म्हणाले. पाट्या अजूनही बिनचूक वाचत होते, म्हणून डोळ्यांवर कुणाचा संशय गेला नाही. संशय गेला तो स्वभावावर. बाजूने कुणी राम राम घातला तर मामा ढिम्म. नजर समोर, मान ताठ. गाव मामांना आबा म्हणे; आता लोक म्हणाले, आबांना शिष्टपणा आला. मी जळगावहून रविवारी यायचो. एकदा शेजारी येऊन वाकून नमस्कार केला, तर हूं नाही की चूं नाही. मीही त्यांचाच भाचा; वर्षभर फिरकलो नाही.

शेवटी आईनं पिटाळलं म्हणून गेलो. ओट्यावर मामा, आणि त्यांच्या कोपराला कोपर लागेल इतक्या अंतरावर आमचे निवृत्त पोस्टमन पान चघळत बसलेले. त्यांनी मामांशी बोलणं टाकलं होतं, ओट्याची सावली टाकली नव्हती. मी अगदी समोर उभा राहिलो तेव्हा मामांचा चेहरा उजळला. "अरे, तू कुठून उगवला? बस बापा. वरीस झालं, या ओट्यावर कुत्रं चढत नाही. लोकायले माझा कंटाळा आला."

पोस्टमनांचा जबडा थांबला. "आबा," ते हळूच म्हणाले, "मी रोज इथंच बसतो."

मामांनी तोफ वळवावी तशी सबंध मान वळवली.  मग म्हणाले, "तुम्ही कव्हा आले?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धुळ्याला नेलं. दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी होती. मामांचं ऐकून ती स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मना बी डोया असाच गया, दादा. दुखना नही, खुपना नही." डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळते, आणि नजर कडेकडेनं जाते; मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. हा मोतीबिंदूसारखा पिकवून काढायचा नसतो. "गेलं ते येणार नाही, आबा. उरलंय ते थेंबांनी राखू." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "रक्ताच्या नात्यात हा असतो. चाळिशीनंतर तुम्हीही दाब मोजून घेत चला." तेव्हापासून घेतो आहे.

परतीच्या गाडीत चढताना मामा पाटी वाचायचीही विसरले. अमळनेर मागं पडल्यावर माझा गुडघा चाचपून म्हणाले, "म्हंजे ती माणसं येत होती?"

"येत होती, मामा."

"अन् मी राम राम घेतला नाही."

पुढे थेंब त्यांनी कधी चुकवले नाहीत : सकाळच्या जळगाव गाडीला एक, संध्याकाळच्या भुसावळ गाडीला एक, पहिले काही दिवस निम्मं औषध मिशीनं घेतलं, तेवढंच. पण एक नवी सवय लागली. दर पाच-दहा मिनिटांनी ते डावीकडे एक आणि उजवीकडे एक राम राम घालत. कुणी असो वा नसो. पोस्टमन होते तोवर एक बाजू तरी सांभाळली जायची. ते वारल्यावर एकदा मी भर दुपारी निघालो होतो. मामांनी माझ्या गाडीची पाटी वळणावरूनच वाचली, मला खिडकीशी बसवलं आणि ओट्यावर परतले. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. गाडी हलली तेव्हा मामा रिकाम्या ओट्याला आधी डावीकडे, मग उजवीकडे हात जोडत होते, कुणाचा घ्यायचा राहू नये म्हणून. खिडकीतून मी दोन्ही वेळा राम राम म्हणालो. इंजिनाच्या आवाजात त्यांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं.